तार कंपनीची, डबा आपला

वाशी म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर खाडीवरचा पूल आणि घाऊक बाजारपेठ उभी राहते. प्रस्तुत लेखातील वाशी ती नव्हे. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातील, बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या तालुक्याचे गाव. २०१८ साली नीती आयोगाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्या जोडीला आमचाही जिल्हा होता. अशा या गावात आज पीकविम्याचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचा निकाल, इतकेच काय पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचे रोजचे दर्शनही इंटरनेटवरूनच घडते. त्याची आवश्यकता आता कोणाला पटवून देण्याचे प्रयोजन उरलेले नाही. मात्र घरोघरी भिंतीवर लुकलुकत्या दिव्यांचा जो एक डबा टांगलेला असतो, तो कोणाच्या मालकीचा आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

प्रश्नाचे मूळ थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते दूरध्वनीच्या तारेवरून क्रमांक फिरवून मिळवावे लागे आणि तेवढा वेळ दूरध्वनी बंद राही. २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली. तिचे तंत्र डीएसएल या नावाने ओळखले जाते. आपले बोलणे तांब्याच्या तारेवर खालच्या कंप्रतेवर चालते. त्याच्या वरच्या, रिकाम्या पडून असलेल्या कंप्रतांवरून माहिती पाठवायची, आणि घरात आल्यावर एका लहानशा स्प्लिटरने दोन्ही प्रवाह वेगळे करायचे, अशी ती युक्ती. नवीन तार टाकावी लागत नव्हती, हे तिचे बलस्थान. केंद्रापासून घर जितके दूर तितका वेग कमी, ही तिची मर्यादा. चार-पाच किलोमीटरांवरच्या वस्तीला ती जवळजवळ निरुपयोगीच ठरे.

त्या काळी मोडेम भाड्याने घ्यावा की विकत, असा पर्याय ग्राहकाला होता आणि आमच्या भागात भाड्याचा मार्ग धरण्यात शहाणपण होते, असे माझे मत आहे. कारण वीज! वैशाख-ज्येष्ठात वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो. खांबाखांबांवरून आलेली तांब्याची तार आकाशातल्या विजेला थेट घरात आणून सोडी आणि मोडेम जळून जाई. भाड्याचा असेल तर खाते बदलून देई, स्वतःचा असेल तर पैसे पाण्यात. ज्याने अनुभवाने हे जाणले त्याने महिन्याचे भाडे बिनतक्रार भरले.

आता परिस्थिती पालटली आहे. तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली. काच विजेची वाहक नाही, म्हणून तो जुना धोका पुष्कळ अंशी गेला. (विद्युतपुरवठ्याच्या तारेतून येणारा धोका उरतोच; मेघगर्जना सुरू झाली की प्लग काढण्याची आजीची सवय आजही योग्यच आहे.) म्हणजे भाड्याचे मुख्य समर्थन संपले. पण भाडे मात्र संपले नाही. ते ‘मोफत राउटर’ असे नाव धारण करून मासिक शुल्कात शिरले, किंवा अनामत रकमेच्या रूपाने वसूल होऊ लागले. हिशेब साधा आहे. महिन्याला शंभर रुपये जरी या डब्यापोटी जात असतील, तरी पाच वर्षांत ते सहा हजार होतात. दोन्ही कंप्रता-पट्ट्यांवर चालणारा चांगला घरगुती राउटर दीड-दोन हजारांपासून मिळतो. जेथे डब्याचे वेगळे पैसे खरोखरच आकारले जात नाहीत, तेथे हा आर्थिक युक्तिवाद लागू पडत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तथापि पैशाहून मोठा मुद्दा किल्लीचा आहे. मध्यंतरी एका परिचित कुटुंबाकडे नवी जोडणी झाली. तंतू ओढून, डबा बसवून तंत्रज्ञ मुलगा निघाला, तेव्हा डब्याच्या अंतर्गत व्यवस्थेचा पासवर्ड मी विचारला. “काका, तो कंपनीकडं असतो. काही बदलायचं असलं तर फोन करा.” मुलगा सज्जन होता, उत्तरही खरे होते. अशा डब्यांची व्यवस्था सेवा देणारी संस्था दुरून पाहू शकते आणि बदलूही शकते. घरात किती उपकरणे जोडलेली आहेत, त्यांची नावे काय, आपले वायफाय कोणत्या नावाने चालते, हे सारे तिला दिसू शकते. यामागे काही कारस्थान आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. वाशीत बसलेल्या ग्राहकाची अडचण लातुरातून किंवा पुण्यातून दूर करता यावी, हा त्या सोयीचा उद्देश आहे आणि तो उपयुक्तही आहे. परंतु रस्त्यावरची वाहिनी दुरुस्त करणाऱ्याला आपल्या माजघराचीही किल्ली देऊन ठेवावी काय? गावात नळयोजना आली म्हणून घरातला रांजण कोणी ग्रामपंचायतीच्या मालकीचा करीत नाही.

हा रांजण आपला करण्याची रीत अवघड नाही. काचेच्या तंतूतला प्रकाश विद्युतसंकेतात रूपांतरित करणारा जो डबा असतो, त्याला ओएनटी म्हणतात. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेशी बांधलेला असल्याने तो सहसा त्यांचाच ठेवावा लागतो. राहू द्यावा. त्याच्यातील वायफाय बंद करून घ्यावे आणि त्याच्या मागच्या खाचेतून एक हातभर केबल काढून आपल्या राउटरच्या ‘वॅन’ असे लिहिलेल्या खाचेत घालावी. बस, इतकेच. त्यापुढील सारे घर आपल्या कारभाराखाली येते. उद्या कंपनी बदलली तरी घरातील भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच, मुलांचा संगणक यांपैकी कशालाही नव्याने जोडावे लागत नाही. केवळ ती केबल नव्या डब्याला लावायची. जेथे अद्याप तांब्याची तारच आहे, तेथे डीएसएल मोडेम आणि राउटर एकत्र असलेला संच बाजारातून घेता येतो. त्यात व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन आकडे भरावे लागतात. भारत संचार निगमासाठी ते शून्य आणि पस्तीस. एवढ्या दोन आकड्यांच्या अज्ञानापोटी कितीतरी कुटुंबांनी वर्षानुवर्षे भाडे भरले.

किल्ली आपल्याकडे आली म्हणजे कुलूप लावण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि येथेच आपला मध्यमवर्ग कमी पडतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले आणि छप्पन्न निरपराध माणसे मारली गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी इंडियन मुजाहिदीनने वृत्तसंस्थांना जो ईमेल धाडला, तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. त्या घरातील परदेशी भाडेकरूचा कटाशी संबंध नव्हता, पण पोलीस प्रथम पोहोचले ते त्याच्याच दारी. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरमधील एका कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले. ही तीनही ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातील. शत्रूला कुंपण तोडावे लागले नाही. ते उघडेच होते. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित राखण्याविषयी सूचना काढल्या. त्या किती घरांत पोहोचल्या, याचा अंदाज घरोघरी संपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्याला सहज येईल: घराचा पत्ता हेच वायफायचे नाव, आणि घरमालकाचा दूरध्वनी क्रमांक हाच पासवर्ड.

दुसरा प्रसंग जुलै २०१७ मधील. भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे मोडेम अकस्मात बंद पडू लागले. वृत्तांनुसार ही संख्या साठ हजारांवर गेली. घातक आज्ञावली त्यांत शिरली ती कारखान्यातून आलेल्या ‘अ‍ॅडमिन’ या मूळ पासवर्डच्या वाटेने. डबा बसवणाऱ्याने तो बदलला नव्हता, ज्याच्या घरी बसवला त्याने बदलला नव्हता, आणि बदलावा लागतो हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. भाड्याच्या वस्तूची हीच शोकांतिका असते. ती दोघांचीही असते, म्हणून कोणाचीच नसते.

स्वदेशीचा विचार मानणाऱ्या वाचकांपुढे याहून कठीण प्रश्न आहे. लोकमान्यांच्या काळात गावोगावी एकेक पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभा राहिला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. त्या काळी काच परदेशातून येई. आज माहिती वाहून नेणारी काच, म्हणजेच ऑप्टिकल फायबर, आपल्या मराठवाड्यातच तयार होते; छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइटचे कारखाने आहेत. काचेचा प्रश्न एका शतकात असा सुटला. मात्र त्या काचेच्या टोकाला, आपल्या दिवाणखान्यात जो डबा बसतो, तो दीर्घकाळ चीनमधून आला. २००५ नंतर वाटल्या गेलेल्या मोडेमांत हुआवेचे मोडेम सर्रास दिसत. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचे सातवे कलम तेथील प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला गुप्तचर कार्यात सहकार्य करण्यास बांधून टाकते. आपल्या जवानांनी गलवानमध्ये २०२० साली बलिदान दिले, त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने दूरसंचार क्षेत्रासाठी सुरक्षा निर्देश मंजूर केला आणि जून २०२१ पासून कंपन्यांना विश्वसनीय स्रोतांचीच उपकरणे आपल्या जाळ्यात घेण्याचे बंधन आले. पण आपण दुकानात जाऊन स्वतः विकत घेतो त्या राउटरचे काय? तेथे सरकारने चाचणी आणि प्रमाणनाची चाळणी लावली आहे. तिच्या पलीकडील निवड ग्राहकाची आहे.

ही निवड डोळसपणे करावी. खोक्यावरचे ‘मेड इन इंडिया’ पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. पुष्कळदा येथे केवळ जुळवणी होते. आतील चिप बाहेरची असते आणि आज्ञावलीही. घरगुती राउटरसाठी लागणारी चिप अद्याप आपण बनवीत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. तरीही जुळवणीला तुच्छ लेखू नये. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलन नसलेल्या, धुळीने भरलेल्या खेड्यांतही चालेल असे ग्रामीण टेलिफोन केंद्र बनविले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते सुरू झाले. त्याच सी-डॉटचा गाभा, तेजसची रेडिओ उपकरणे आणि टीसीएसची जुळणी यांतून भारत संचार निगमाचे स्वदेशी ४जी जाळे सिद्ध झाले व सप्टेंबर २०२५ मध्ये ते राष्ट्राला समर्पित झाले. एवढे करणाऱ्या देशाला भिंतीवरचा डबा अशक्य नाही. त्याला ग्राहक हवा. महिन्याच्या भाड्यात गुरफटलेला, कंपनीने दिले ते टांगून घेणारा ग्राहक अशी बाजारपेठ निर्माण करू शकत नाही.

याबाबतीत कायद्याचीही साथ हवी. अमेरिकेत १९६८ च्या एका निर्णयाने ग्राहकाला स्वतःचे उपकरण दूरध्वनीच्या तारेला जोडण्याचा हक्क मिळाला, आणि स्वतःचे उपकरण वापरणाऱ्याकडून भाडे घेण्यास तेथे २०१९ च्या कायद्याने मनाई झाली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कोणतीही कंपनी आपलाच राउटर ग्राहकाच्या गळ्यात मारू शकत नाही. अशी निःसंदिग्ध तरतूद आपल्याकडेही व्हावी. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने वजनमापांपासून अनेक प्रश्न धसास लावले आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणापुढे हा विषय मांडण्यास तिच्याइतकी योग्य संघटना दुसरी नाही.

तोवर ज्यांना नवीन राउटर घ्यायचा आहे त्यांनी खरेदीपूर्वी उत्पादनाचा देश पाहावा आणि कंपनी नवी आज्ञावली किती वर्षे देते ते विचारावे. पाच वर्षे जुनी, कधीच न सुधारलेली आज्ञावली म्हणजे वाळवी लागलेली चौकट. घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच अंतर्गत व्यवस्थेचा पासवर्ड बदलावा, वायफायसाठी डब्ल्यूपीए-३, ते नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडावे आणि दुरून व्यवस्थापनाची सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देण्याची सोय बहुतेक राउटरांत असते. आतिथ्यही सांभाळले जाते आणि घरही. भारनियमनाची सवय असलेल्या आमच्यासारख्या गावात बारा व्होल्टचा छोटा बॅकअप घेतला, तर वीज गेल्यावरही दोन्ही डबे काही तास चालतात. आणि जुनी जोडणी सोडताना कंपनीचा डबा परत करण्यापूर्वी मागील छिद्रात टाचणी दाबून त्यातील सारी माहिती पुसावी, डबा परत केल्याची पावती घ्यावी, आणि अनामत हाती पडेपर्यंत ती पावती जपून ठेवावी.