नाव बदललं, मशीन तसंच राहिलं

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. पस्तिशीची असेल. पिशवीतून तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शंभर रुपयांचा स्टँप पेपर काढला आणि जपून टेबलावर ठेवला. ‘राजीखुशीने सोडचिठ्ठी’ असं त्यावर टाइप केलेलं, खाली तिची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. ह्या कागदापायी चार वर्षं ती भावाच्या घरी धुणीभांडी करत राहिली होती. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला, हिनं पोटगीचा शब्द काढला नाही. का? तर ‘माझा काडीमोड झालाय, आता कसला हक्क?’

आम्ही तिला सांगितलं, की हिंदू विवाह असा स्टँप पेपरवर मोडत नाही. त्याला न्यायालयाचा हुकूम लागतो. जातीत तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण तिच्या बाबतीत तसंही नव्हतं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती रडायला लागली. चार वर्षं फुकट गेली म्हणून.

‘पण तुम्हाला हे सांगितलं कुणी?’ मी विचारलं.

‘सांगायला कशाला पाहिजे ताई? सगळ्यांना माहीतच आहे की. शिणुमात, गोष्टीत असंच असतंय.’

त्या रात्री मी माझी एक जुनी कथा काढून वाचली. दिवाळी अंकात आलेली, बऱ्याच जणींची शाबासकी मिळालेली. तिची नायिका शेवटी स्टँप पेपरवर सही करते, उंबरा ओलांडते आणि ‘मोकळी’ होते. ते वाक्य लिहिताना मी कुणालाही काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

साहित्यिकांच्या बैठकीत हा विषय निघाला, की उत्तर ठरलेलं असतं : ‘कथा म्हणजे काही पाठ्यपुस्तक नव्हे. अनुभूती खरी असली की झालं.’ हे मला अर्धंच पटतं. आंब्याला मोहोर चुकीच्या महिन्यात आला तर एखादा जाणता वाचक हसेल, कुणाचं वाकडं होणार नाही. पण वाचणारी बाई ज्याच्या भरवशावर एखादं पाऊल उचलेल, किंवा उचलायचं राहील, ते तपासून घ्यायलाच हवं. नवऱ्याच्या नावावरच्या घरातून बाईला रात्री हाकललं आणि ती मुकाट निघाली, एवढंच लिहून आपण थांबतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. नायिकेला हे ठाऊक नसेल, चालेल. लेखिकेला ठाऊक असलं पाहिजे. मग तिचं ते न कळणं हाच कथेचा विषय होईल. आपल्या अज्ञानाला ‘नशीब’ म्हणायची वेळ येणार नाही.

बलात्काराच्या कथांचं तर विचारूच नका. खचाखच भरलेलं कोर्ट, वकील तिच्या चारित्र्याचे धिंडवडे काढतोय, प्रेक्षक कुजबुजताहेत. प्रत्यक्षात १९८३ पासून हे खटले बंद दालनात चालवण्याची तरतूद आहे. पीडितेच्या चारित्र्यावर घसरायची वाट दाखवणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम २००२ च्या दुरुस्तीनं काढून टाकलं. ‘दोन बोटांची तपासणी’ करणाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली बजावलं. ह्यानंतरही बाईची विटंबना होतच असते, पण ती वेगळ्या वाटेनं होते. ती वाट कोणती, हे शोधणं आपलं काम. जुनं दृश्य पुन्हा पुन्हा रंगवून आपण एवढंच करतो, की तक्रार द्यायला निघालेल्या मुलीला दारातूनच परत फिरवतो.

आणि त्या जखमा! आपल्या नायिका नेहमी ओरबाडलेल्या, फाटक्या कपड्यांतल्या, शेवटपर्यंत झुंजलेल्या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरावर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, ह्या मुद्द्याचाही आधार घेत सर्वोच्च न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडून दिलं. त्याविरुद्ध १९८० साली देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि त्यातून कायदा बदलला. तो निकाल प्रत्येक कथालेखिकेनं एकदा वाचावा. भीतीनं गोठलेली मुलगी न्यायालयाला ‘राजी’ दिसली. आपल्या कथांनीही वाचकाला तेच शिकवलं असेल, तर त्या निकालावर मोर्चा काढायचा आपल्याला काय अधिकार?

आता ‘कधी’ आणि ‘कसं’ ह्याबद्दल माझा अनुभव सांगते.

पूर्वी मी आधी माहितीचा ढीग जमवत असे. त्याची कथा व्हायची नाही, अहवाल व्हायचा. मिळालेली एकही गोष्ट टाकवत नसे. आता पहिला खर्डा माहितीशिवाय लिहिते. जिथं हात अडखळतो, जिथं ‘असंच असेल बहुतेक’ असं मनात येतं, तिथं लाल पेन्सिलीची खूण करते. मग त्या खुणा घेऊन बाहेर पडते. जबाब कोण लिहून घेतं? त्याची प्रत मिळते का? कोणतं कलम लागतं? ह्यातही गाफील राहून चालत नाही. जी ४९८-अ आपल्या तोंडात बसली, तिची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतल्या ८५ आणि ८६ ह्या कलमांनी घेतली आहे. कथा कोणत्या साली घडते, हे त्यासाठी आधी ठरवावं लागतं. वकील मैत्रिणीला विचारावं, कोर्टात जाऊन बसावं. बहुतेक खटल्यांना कुणालाही बसता येतं. एक दिवस बसलात तर कळतं, की तिथं भाषणं होत नाहीत, तारखा पडतात. बाईचा छळ त्या तारखांतच असतो.

पण जे जगणं आपण पाहिलेलंच नाही, त्याच्याबाबत ही रीत उलटी करावी. आधी जावं, पुष्कळ राहावं, मग लिहावं. मालतीबाई बेडेकरांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींच्या कामात काही वर्षं घालवली. ‘बळी’ ही कादंबरी त्यानंतर, १९५० साली आली. महाश्वेतादेवींनी झाशीच्या राणीवर १९५६ साली पुस्तक लिहिलं, त्याआधी त्या बुंदेलखंडात हिंडून लोकांच्या तोंडची गाणी, आठवणी गोळा करून आल्या होत्या.

हिंडल्यानं नुसते तपशील मिळत नाहीत, गुन्हेगारही बदलतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. घरी बसून ह्यावर कथा लिहिली तर त्यात एक लोभी डॉक्टर असेल आणि एक अडाणी बाई. फडावर जाऊन आलं तर कळेल, की नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, दोघांच्या नावानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. पाळीचे दिवस परवडत नाहीत हे एकदा समजलं, की ती बाई अडाणी राहत नाही. तिचा हिशोब आपल्याला कळू लागतो, आणि डॉक्टरच्या पाठीमागे उभे असलेले सगळे दिसू लागतात.

इथवर सोपं होतं. आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून लाज वाटते.

स्टँप पेपरच्या प्रकरणानंतर मी इतकी सावध झाले, की पुढची कथा अगदी ‘खरी’ लिहिली. केंद्रात येणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. नाव बदललं, गाव बदललं, मुलगा होता त्याची मुलगी केली. पण नवऱ्यानं विकू नये म्हणून ती शिलाई मशीन रोज रात्री साखळीनं खाटेला बांधून ठेवायची, हे काही मला सोडवेना. इतका बोलका तपशील मी स्वतः कुठून आणणार होते? कथा छापून आली. तिच्या नणंदेच्या शाळेतल्या कुणीतरी अंक घरी आणला. साखळी त्या घराला ओळखीची होती. समेटाची बोलणी चालू होती ती मोडली, आणि ‘घरची अब्रू छापून आणली’ म्हणून तिला मार बसला.

ती केंद्रात आली, भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, नाव बदललंत, मशीन तसंच ठेवलंत.’

ती माझ्याजवळ बोलली होती ती कार्यकर्ती म्हणून. त्याच कानांनी लेखिका ऐकते आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चोरीला वेगळं काय लागतं?

तेव्हापासून केंद्रात ऐकलेलं केंद्रातच ठेवते. कथेसाठी कुणाशी बोलायचं तर आधी सांगते, की मी लिहिणारी आहे. लिहून झालं की तिला वाचून दाखवते. तिनं ‘हे काढा’ म्हटलं तर काढते, कारण विचारत नाही. एकदा सगळी कथाच काढावी लागली. ती पेटीत पडून आहे.

मैत्रिणी विचारतात, असं परवानग्या मागत बसलं तर बायांची दुःखं कोण लिहिणार? मौनच पुन्हा लादलं जाणार नाही का? प्रश्न खरा आहे. माझं उत्तर इतकंच : कामकाज, कायदा, दर, हिशोब, रीतिरिवाज हे दहा जणींकडून घ्यावं, ते सगळ्यांचं असतं. दुःख मात्र एकीचं उचलून आणू नये. ते आपल्याच आत खणावं लागतं, आणि तिथं नसेल तर ती कथा आपली नव्हे. आणि जिला स्वतःची गोष्ट सांगायची आहे, तिला आपली वही न देता तिच्या हाती वही द्यावी.

वाचक मैत्रिणींनाही एक विनंती आहे. कथेत काही चुकलेलं दिसलं तर ‘कथाच ती’ म्हणून सोडून देऊ नका. लेखिकेला पत्र टाका. माझ्या त्या जुन्या कथेबद्दल मला कौतुकाची पत्रं भरपूर आली होती. ‘बाई, असा काडीमोड होत नाही’ असं एकीनं जरी कळवलं असतं, तरी ती चूक निदान पुढच्या छपाईत तरी राहिली नसती. ती कथा संग्रहात घेताना मी शेवट बदलला आहे. नायिका सही करत नाही. कागद पिशवीत घालते आणि पत्ता विचारत निघते.