कालव्याच्या काठानं

पुण्यात पळायला जागा पुष्कळ आहेत, सलग वाट मात्र नाही. बाग आहे, टेकडी आहे, नदी आहे, तळं आहे. पण एकातून दुसरीकडे जायचं तर मध्ये चौक, रिक्षा थांबा आणि उलट बाजूनं येणारी दुचाकी. त्यामुळे इथला पळणारा आपला मार्ग तुकडे जोडून शिवतो, आणि प्रत्येकाची गोधडी वेगळी असते.

बागांचं लवकर उरकतो. संभाजी उद्यान, कमला नेहरू उद्यान, सारसबाग या बागा चालणाऱ्यांच्या आहेत. चार आजोबा एका ओळीत, हात मागे बांधून, निवृत्तिवेतनातला फरक कधी जमा होणार यावर बोलत चाललेले असतात. त्यांना मागून ‘काका, जरा बाजूला’ म्हणावं तर ते थांबून आपल्याकडे असे बघतात, की आपणच ओशाळतो. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. तिथं घाम गाळत धावणं मला तरी लग्नाच्या पंगतीत जोर काढण्यासारखं वाटतं. शिवाय बागेत गोल फिरावं लागतं. आठ-दहा किलोमीटर पळायचे तर तोच पारिजात, तोच कारंजा, तोच सुरक्षारक्षक पुन्हा पुन्हा भेटतो आणि शेवटी तोच आपल्या फेऱ्या मोजायला लागतो.

आणि पायाखाली पेव्हर ब्लॉक. ते बसवल्याशिवाय बाग पूर्ण होत नाही, असा नियम कुठल्या अंदाजपत्रकात लिहिलाय कोण जाणे. गुडघ्यांचे डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या पोटऱ्यांना माती आणि सिमेंट यांतला फरक दुसऱ्या दिवशी जिना उतरताना नेमका कळतो.

म्हणून नदी. म्हात्रे पुलाच्या अंगानं खाली उतरून नदीपात्रातल्या रस्त्यानं झेड ब्रिज, भिडे पूल आणि पुढे ओंकारेश्वरापर्यंत जाता येतं. सकाळी सहाच्या आत हा रस्ता चांगला असतो. सातनंतर तो पेठांमधून सुटू पाहणाऱ्या वाहनांचा होतो. डोक्यावर आता मेट्रोचे खांब आणि डबे आहेत. सुरुवातीला मला त्यांचा राग आला होता, पण एप्रिलमध्ये त्या पुलाची सावली पडते आणि राग जरा निवळतो. खाली मुठा. धरणातून पाणी सोडलेलं नसेल तेव्हा तिच्यात जे वाहतं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही धोबी शेपटी हलवत काठाच्या दगडांवर असतो, शेकाट्या लांब गुलाबी पायांवर उभे असतात. वासाची तक्रार आम्हीच करतो, ते करत नाहीत.

ओंकारेश्वरानंतर पंचाईत. महापालिका भवनाच्या आसपास वर चढावं लागतं, शिवाजी पूल, डेंगळे पूल, कुंभारवेस असं करत संगमापर्यंत पोचेपर्यंत नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी चक्क गायब. मुळा आणि मुठा जिथं भेटतात ते ठिकाण पळत गाठायचं तर अर्धा वेळ सिग्नलवर जातो. पुढे बंडगार्डनपाशी पुन्हा पाणी दिसतं, मोठं, संथ, बंधाऱ्यानं अडवलेलं. आणि हिवाळ्यात जलपर्णी नसेल तर सुंदरही.

या मार्गाचं वेळापत्रक खडकवासला धरणावर ठरतं. पावसाळ्यात आमच्या पळणाऱ्यांच्या गटात आदल्या रात्री निरोप फिरतात ते हवामानाचे नसतात, विसर्गाचे असतात. इतके हजार क्युसेक सोडले, म्हणजे भिडे पूल पाण्याखाली, म्हणजे उद्या दुसरीकडे. पुण्यातल्या पळणाऱ्याइतका क्युसेकचा अभ्यास पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाचाही नसेल. जुलै 2024 मध्ये विसर्ग 35 हजार क्युसेकवर गेला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. आठवड्यानंतर आम्ही नदीपात्रात परतलो तेव्हा झाडांच्या फांद्यांना माणसाच्या डोक्याच्याही वर प्लास्टिक लटकत होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटल्याची आठवण सांगणारी माणसं पेठांमध्ये अजून आहेत. त्यांना नदीच्या रेषा कागदावर बघाव्या लागत नाहीत. कागदावर मात्र दोन आहेत: पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल.

आता 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल. मार्च 2022 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. मुळा, मुठा आणि मुळामुठा या तिन्हींचे काठ त्यात येतात. संगमवाडी ते बंडगार्डन टप्प्यात काम बरंच झालेलं दिसतं. पळणारा म्हणून मला मोह होतो, हे लपवत नाही. सलग, सपाट, सिग्नल नसलेली वाट, यासाठी तर वर इतकं रडगाणं गायलं. पण तिथं पळून बघितलं की काठ नवा आणि सावली नाही, असं होतं. भराव घातला, दगड लावले, रुंद काँक्रीट केलं, पण काठावरची बाभूळ, करंज, उंबर गेले ते गेले. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर तिथं उभंही राहवत नाही. झाडं आणि पुराची जागा यांवर भांडणारे लोक विकासाच्या आड येतात असं काहीजण म्हणतात. त्यांनी एकदा मे महिन्यात पाच किलोमीटर तिथं पळून यावं आणि मग बोलावं.

टेकड्यांवर पुण्यात इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. वेताळ टेकडीवर सकाळी मोर ओरडतो, खाणीत पाणी असतं, पोटऱ्या भरून येतात, बस्स.

मला लिहायचं होतं ते कालव्याबद्दल. मुठेचा उजवा कालवा खडकवासल्यातून निघतो, विठ्ठलवाडी, पर्वतीचा पायथा, स्वारगेटच्या मागून, भैरोबा नाला, हडपसर असा शहर चिरत पुढे दौंड-इंदापूरच्या शेतांकडे जातो. पुणेकरांनी त्याला कधी नीट बघितलेलं नाही. गाडी पुलावरून जाते तेव्हा उजवीकडे क्षणभर हिरवं काहीतरी दिसतं, तेवढंच. पण कालवा म्हणजे पळणाऱ्यासाठी देणगी आहे, कारण त्याला चढ-उतार परवडतच नाही. पाणी आपल्या आपण वाहत जावं म्हणून नजरेला दिसणार नाही इतका हलका उतार देत, टेकडीला वळसा घालत तो नेलेला असतो. म्हणजे हे टेकड्यांचं शहर असूनही त्याच्या काठानं पळताना दम लागतो तो आपल्या वयामुळे, चढामुळे नाही. काठावरची झाडं कालव्याच्या पाझरावर वाढलेली, त्यामुळे मार्चमध्येही हिरवी. शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं की बाजूनं पाणी आपल्यापेक्षा थोडं वेगात जातं. त्याच्याशी शर्यत लावणारे आमच्यात दोघंतिघं आहेत आणि अजून कुणी जिंकलेलं नाही.

हा काठही सलग नाही, कबूल. कुठं भिंत, कुठं वस्ती, कुठं कचरा. पर्वतीच्या बाजूच्या वस्त्यांमधून पळताना दारात धुणं धुणाऱ्या बायका हसतात, कुत्री दोन पावलं साथ देतात. इथंच, दांडेकर पुलाजवळ, 27 सप्टेंबर 2018 ला कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांचे संसार चिखलात गेले. तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी घुशी-खेकड्यांवर बोट ठेवलं होतं. तिथून पळताना माझी नजर अजूनही भरावातल्या बिळांकडे जाते.

आता हा कालवा शहरातून जमिनीखाली न्यायचं ठरतंय. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा. गळती थांबेल, चोरी थांबेल, बाष्पीभवन वाचेल, पाणी शेतकऱ्याला मिळेल. यातल्या एकाही गोष्टीला विरोध करावा असं मला वाटत नाही. इंदापूरच्या टोकाला आवर्तनाची वाट बघत बसलेल्या माणसापुढे माझ्या सकाळच्या व्यायामाची किंमत शून्य आहे. प्रश्न मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा आहे. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सपाट, झाडं असलेला, वस्त्यांच्या दारातून जाणारा इतका लांब पट्टा पुण्याला पुन्हा मिळणार नाही. पाझर बंद झाल्यावर त्या झाडांना पाणी कोण घालणार, हेही आत्ताच ठरवायला हवं. डाव्या कालव्याचं काय झालं हे कर्वेनगरात जाऊन बघता येतं: वर डांबर, दोन्ही बाजूंना गाड्या, आणि ‘कॅनॉल रोड’ अशी पाटी.

डिसेंबरात मॅरेथॉन होते. पुण्यात ती 1983 पासून आहे, आणि गेली काही वर्षं तिचा मोठा भाग सिंहगड रस्त्यावरून जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि हजारो माणसं मधल्या डांबरावरून पळतात. दोन्हींपैकी काहीच दिसत नाही. मागच्या रविवारी पळून झाल्यावर चहाच्या टपरीवर कालव्याचाच विषय निघाला. बोगदा झाल्यावर कालव्याच्या जागेत माती आणि झाडं तशीच ठेवावीत, फक्त मधल्या भिंती काढून वाट सलग करावी, असं मी जरा आवेशात मांडलं. आमच्यातले एक काका, जे आयुष्यभर बांधकाम खात्यात होते, बशीतला चहा संपवून म्हणाले, “तुझं बरोबर आहे रे. पण बैठकीत वाद एवढाच होईल, रस्ता दुपदरी करायचा का चौपदरी.”