लग्नपत्रिका उघडण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, पण फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असते. ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप असते. ते बसवले की ओटीपीचे संदेश चोराच्या हाती जाऊ शकतात. असे अ‍ॅप न चालवता आतून तपासायचे, ते कोणत्या परवानग्या मागते आणि माहिती कुठे पाठवते हे वाचायचे. यालाच रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतात. धुळ्या-जळगावचा मोटर रिवाइंडिंगवाला जळालेला पंप खोलून दोष शोधतो, तसेच हे.

त्यासाठी पुणे-मुंबई गाठायला नको. अँड्रॉइड अ‍ॅप वाचणारे ‘जॅडेक्स’ मोफत आहे; अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएने २०१९ मध्ये खुले केलेले ‘घिड्रा’ही. अडचण आहे सरावाच्या जागेची. हौशी मुलगा मित्राच्या खात्यावर हात आजमावतो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये सापडतो. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणून खान्देशातील महाविद्यालयांनी इंटरनेटपासून तोडलेले चार संगणक या मुलांना द्यावेत आणि परवानगीचा धडा पहिल्याच दिवशी शिकवावा. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँका जळगाव-धुळ्यातही आहेत. त्यांचे राखणदार इथेच घडावेत.