जोर नको, पकड हवी

मी राहाता तालुक्यातला ट्रॅक्टरवाला, ऊस वाहतो. ओल्या फडात चाक फिरायला लागलं की पोरं नुसती रेस वाढवतात. चाक जागेवरच माती उकरतं, टायर झिजतो, डिझेल जळतं. पकड येते वजनातून. मागच्या टायरात व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण भाग पाणी भरा, पुढे वजनं लावा, क्लच हळू सोडा. डिफरन्शियल लॉक सरळ जातानाच वापरा.

आणि दोन ट्रॉल्या जोडून पुढची चाकं उचलल्याचे व्हिडिओ? त्यात कसली मर्दुमकी! चाक हवेत गेलं की स्टिअरिंग संपलं. समोर कुणाची तरी मोटारसायकल असते. कारखान्यांनी अशी भरलेली वाहनं वजनकाट्यावरूनच परत पाठवावीत.