ठिणगी जरा आधीच



बाबांची प्रीमियर पद्मिनी लश्करात तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. तिचं टायमिंग बाबा कायम कानानेच लावत आले. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, किंचित फिरवायचा, ऐकायचं, बोल्ट आवळायचा.

या उन्हाळ्यात उरवाई दरवाज्याच्या चढावर मला इंजिनातून बारीक आवाज आला, डबीत खडे हलवल्यासारखा. बाबा म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." आता काळजी दोन गोष्टींची होती.

पहिली इंजिनाची. पेट्रोलची वाफ आणि हवा एका क्षणात पेटत नाही, दाब तयार व्हायला दोनेक मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. तिहाई समेवर यायची तर आधी सुरू करावी लागते, तसंच. ८०० आरपीएमला इंजिन एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतं, ४००० ला २४ अंश. वेग वाढला की मिश्रण जळतंही थोडं लवकर, तरी ठिणगी आणखी आधी पाडावीच लागते. हे काम डेल्कोतली छोटी वजनं करतात. वेगाने ती बाहेर फाकतात आणि टायमिंग पुढे सरकतं. यालाच अॅडव्हान्स म्हणतात.

ठिणगी उशिरा पडली तर पिकअप जातो, इंजिन तापतं. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब येतो, उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि तो खड्यांचा आवाज येतो. हेच नॉकिंग. असंच चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो.

रविवारी मी टायमिंग लाइट आणली. आधी पॉइंटची गॅप तपासली, कारण ती बदलली की टायमिंगही बदलतं. इंजिन गरम केलं, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या तारेवर लावली. (डेल्कोला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचं तोंड बंद करायचं.) दर ठिणगीला लाइट चमकते, त्यामुळे फिरणाऱ्या पुलीवरची खूण स्थिर दिसते. इथे सावध राहा: पुली आणि पंखा थांबल्यासारखे दिसतात, पण ते फिरतच असतात. ओढणी, सैल बाही, हात, सगळं लांब!

मग रेस वाढवली. खूण सावकाश सरकली, रेस सोडल्यावर परत आली. म्हणजे वजनं मोकळी होती. पण आयडलला ठिणगी पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा ८ अंश आधी पडत होती.

बाबांना मी काही बोललो नाही, लाइट त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पाना आण." बोल्ट त्यांनीच सैल केला आणि रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डेल्को जरासा फिरवला. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ८ अंशांसाठी फक्त ४ अंश. बोल्ट आवळून पुन्हा लाइट मारली. खूण जागेवर!

दुसरी काळजी बाबांची. वय वाढलं की सहसा उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, आणि नॉकिंगचा आवाज उंच पट्टीतला. ते टायमिंग थोडं थोडं पुढे नेत राहिले, पिकअप छान वाटला, पण इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढतोय म्हणून आम्ही वर्षभर फक्त कुरकुर करत होतो.

पुढच्या आठवड्यात बाबांच्या कानांची तपासणी आहे. आधी ते "नको" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, ही पण टायमिंग लाइटच समजा." तेव्हा हसले आणि तयार झाले.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर टायमिंग एकदा मोजून घ्या. आणि ती चालवणाऱ्यांना आवाज नीट ऐकू येतोय ना, तेही विचारा.