अग्निपुष्पें

घरांत कोणी निवर्तलें कीं वर्षभर सणवार साधेपणानें करावयाचे, ही रूढि वाचकांस ठाऊक आहेच. त्या रूढीविषयीं एक प्रश्न यंदा आम्हांस थेट जपानांतून आला. विचारणारी आमची जुनी विद्यार्थिनी. माहेर शिरूरचें, सासर दौंडचें, आणि सध्यां वास्तव्य टोकियोच्या एदोगावा विभागांत. तेथील नदीकांठीं ऑगस्टच्या पहिल्या शनिवारीं दारूकामाचा मोठा उत्सव होतो. १९७६ सालीं त्याचा आरंभ झाला. सासरे जाऊन पुरते सहा महिने झाले नव्हते. तरी मुलाच्या हट्टापुढें तिचें कांहीं चाललें नाहीं, आणि ती गेली.

ती लिहिते : "दुपारपासूनच लोकांनीं कांठावर सतरंज्या अंथरल्या होत्या. अंधार पडला, आणि पहिल्या पांच सेकंदांत हजार बाण आकाशांत फुटले. नंतर मात्र एकेक फूल उमले, आणि तें पुरतें विझेपर्यंत आमच्या आसपास कोणी बोलत नसे. मुलानें विचारलें, 'आई, आपण कधीं उडवायचे?' तेथें कोणीच स्वतः कांहीं उडवीत नव्हतें. परततांना ज्यानें त्यानें आपला केरकचरा बरोबर घेतला. एक पांढरें फूल विझतांना मामंजींची आठवण झाली आणि डोळे भरून आले. गुरुजी, वर्षश्राद्धाच्या आंत मीं हें पाहिलें, यांत दोष घडला काय?"

जपानी भाषेंत दारूकामास 'हानाबी' म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि बी म्हणजे अग्नि. आपल्या 'फुलबाजी'ची ही सखी बहीणच. टोकियोंतील सुमिदा नदीवरच्या उत्सवाविषयीं अशी परंपरागत कथा आहे कीं, १७३२ च्या दुष्काळांत व रोगराईंत मेलेल्यांच्या शांतीसाठीं पुढच्या वर्षीं तेथें प्रथम दारू उडविली. नागाओका शहराची गोष्ट अलीकडची. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्रीं साडेदहा वाजतां अमेरिकन विमानांनीं त्यावर आगीचा वर्षाव केला; १,४८८ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच तारखेस, त्याच वेळीं, तें शहर आजहि शुभ्र अग्निपुष्पें आकाशांत सोडतें. ऑगस्टच्या मध्यास बहुतेक ठिकाणीं 'ओबोन' हा पितरांचा सण येतो. पितर घरीं येतांना व परततांना त्यांच्यासाठीं अग्नि पेटवितात.

हें आपणांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या धर्मनिबंधांत उल्कादानाचा विधि आहे. सूर्य तुळेंत असतां आश्विन वद्य चतुर्दशी व अमावास्या यांच्या प्रदोषकाळीं हातांत पेटती चूड धरून, महालयांत आलेल्या पितरांस परतीची वाट दाखवावयाची.

तेव्हां त्या मुलीस आमचें उत्तर असें : मृताची आठवण जागी राहावी हाच रूढीचा हेतु. जें पाहून सासऱ्यांची आठवण दाटून आली, तें रूढीविरुद्ध गेलें असें आम्हांस वाटत नाहीं. दोष असेलच तर तो इकडे आहे. घोडनदीच्या व भीमेच्या कांठीं नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून कोणाच्या दारची माळ लांब याची चढाओढ चालते. त्या धुरांत पितरांना वाट दिसावी कशी?

येत्या लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं, पहिली फुलबाजी पेटविण्यापूर्वीं, घरांतील वडील माणसानें मुलांस जवळ घेऊन गेलेल्यांचीं नांवें सांगावीं आणि एक ज्योत दक्षिणेकडे दाखवावी. मग मुलांनीं खुशाल फुलबाज्या उडवाव्या. यास खर्च कांहींच नाहीं. मात्र नांवें आठवत असलीं पाहिजेत.