पेन्सिलीचा तुकडा आणि बिअर
जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ (१८१५) या कादंबरीतील हॅरिएट ही एल्टनच्या शिसे संपलेल्या पेन्सिलीचा तुकडा जपून ठेवते. तिच्या भाबडेपणावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे हसत आलो. परंतु एल्टनने ती पेन्सिल काढली होती, ती स्प्रूस बिअर करण्याची कृती टिपून घेण्यासाठी! सूचिपर्णी वृक्षाचे कोवळे शेंडे, काकवी आणि यीस्ट यांपासून आंबवलेले हे पेय खुद्द ऑस्टिनच्या घरीही होत असे. बहीण कॅसान्ड्रा हिला १८०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात तसा उल्लेख आहे. आज घरी बिअर करणे हा छंद मानला जातो. तेव्हा ते घरकामच होते. कादंबरीतील प्रतीके शोधता शोधता तिच्यातील स्वयंपाकघर मात्र आम्ही वगळले. ही उणीव आमच्या अध्यापनाची आहे, असे आम्हांस वाटते.